नमुन्यांची वही

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्ही जुन्या स्मरणिका काढून बसलो. अध्यक्षांच्या नावांची यादी, बसविलेल्या नाटकांची यादी, देणगीदारांची यादी, गणेशोत्सवाचे जमाखर्च हे सारे तेथे यथास्थित होते. मात्र मंडळाच्या लाकडी कपाटातील खालच्या फळीवर, नाडीने बांधलेल्या जाड पुठ्ठ्यात जे बाड आहे, त्याचा उल्लेख एकाही स्मरणिकेत आढळला नाही. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळी या बाडाला ‘नमुन्यांची वही’ म्हणतात. वस्तुतः ती एक वही नव्हे. विणकाम-भरतकामाची एक, रांगोळ्यांची दुसरी आणि आकाशकंदील, मखरे, किल्ले यांची तिसरी, अशा तीन वह्या आणि त्यांत खोचलेले असंख्य सुटे कागद मिळून हे बाड झाले आहे. कोणती वस्तू कशी करावी हे चित्र काढून, बाजूला चार शब्द लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावे, एवढाच त्या कागदांचा हेतू. या बाडाचा इतिहास लिहिण्यास आम्ही अधिकारी आहोत असे नाही. परंतु ते गेली काही वर्षे ज्या अवस्थेत आहे आणि अलीकडे आमच्याच हातून त्याचे जे झाले, ते पाहता कोणीतरी लिहिणे भाग होते.

आरंभी आपल्या वस्तीविषयी थोडे. महाराजपूर म्हटले की परगावच्या आप्तांना मंडल्यासमोर नर्मदेच्या पलीकडे असलेले महाराजपूर आठवते, आणि पूर्वी आपली काही पत्रेही तिकडे फिरून येत. आपले महाराजपूर जबलपूरचे. अधारताल मागे टाकून कटनीच्या रस्त्याला लागले की येणारे. जबलपूरचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७८१ साली सागरच्या मराठी सुभेदारांनी हा प्रदेश पेशव्यांच्या अमलात आणला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या युद्धानंतर इंग्रजांच्या हाती पडला. तथापि त्या वैभवाशी आपले नाते लावण्याचा मोह आवरलेला बरा. आपण बहुतेक जण घोड्यावरून आलो नाही. नेमणुकीचा हुकूम घेऊन आगगाडीने आलो. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, १९६४ साली अधारतालला कृषी विद्यापीठ झाले, १९६९ साली लष्करी मोटारींचा कारखाना आला. रेल्वे आणि तारखाते तर आधीपासून होतेच. या प्रत्येक लाटेबरोबर चार मराठी घरे आली आणि त्या प्रत्येक घराबरोबर एक पत्र्याची ट्रंक आली. ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली, कापडात गुंडाळलेले काही कागद असत. आमच्या बाडाचा उगम तेथे आहे.

या कागदांत वयाने सर्वांत लहान पण परंपरेने सर्वांत जुनी अशी रांगोळीची वही आहे. चैत्रगौरीच्या महिन्यात अंगणात काढावयाच्या चैत्रांगणाचे एक संपूर्ण पान तिच्यात आहे: गौरीचा पाळणा, तोरण, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्म, हत्ती, कासव, तुळस. सासूने सुनेला हे चित्र हाताने काढून दाखवावयाचे, त्याला कागद लागू नये. पण सासू सांगलीस आणि सून जबलपुरास असली म्हणजे कागद लागतो. पोस्टाच्या आंतर्देशीय पत्राच्या आतल्या बाजूस, मजकुराला जागा न ठेवता, काढून पाठविलेले चैत्रांगण आम्ही या वहीत पाहिले आहे. घडीच्या रेषेवर हत्तीचा पाय गेला आहे, तेव्हा तेथे बाण काढून ‘पाय चार’ असे लिहिले आहे.

ठिपक्यांच्या रांगोळीचा लेख त्याहून शास्त्रीय. ‘मध्ये १५, ८ पर्यंत’ एवढे लिहिले की जाणती स्त्री काय करावयाचे ते ओळखते. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका येईल अशा बेताने एकेक कमी करीत आठापर्यंत जावयाचे. ओळी पंधरा, ठिपके एकशे एकोणसत्तर आणि सहा बाजूंची आकृती तयार. आमच्या एका सभासदांच्या मुलाने, तो अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना, हा हिशेब बीजगणिताने सोडवून आजीला दाखविला. आजी म्हणाली, ठिपके मोजत बसलास तर रांगोळी कधी काढशील?

छापील पुस्तकांकडे वळलो तर मराठीत ‘करून पाहा’ सांगणाऱ्या वाङ्मयाला दीर्घ परंपरा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. पुण्याच्या सेवासदनात, म्हणजे १९०९ नंतर, शिवणकाम शिकलेल्या कितीतरी स्त्रिया पुढे हिंदुस्थानभर पांगल्या, आणि बेतण्याचे कागदी नमुने त्यांच्यासोबत गेले. मात्र आकृतीवरून कृती करण्याची सवय मध्यम स्थितीतील मराठी घराला लागली, ती मुख्यतः मासिकांनी लावली असे आमचे मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकविणारे. त्यांच्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली सुरू करणारे शंकरराव स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. असे मासिक चित्रावाचून कसे राहील? पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. विणकामाचे, भरतकामाचे नमुने घरोघर पोहोचले ते अशा मासिकांतूनच. आमच्या बाडात कापून ठेवलेली पाने आहेत, त्यांच्या पाठीमागे अर्धवट कथा आहेत. नायिका दार उघडते आणि तेथे पान संपते. विणकामासाठी साहित्याचा बळी किती गेला याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आणि नागपूरचे ‘उद्यम’. आज हे नाव सांगितले तर तरुण मंडळी प्रश्नार्थक पाहतात. साबण, शाई, मेणबत्त्या, फळांचे टिकाऊ पदार्थ, परसातील भाजीपाला, घरगुती दुरुस्त्या असे सारे काही साध्या भाषेत सांगणारे हे मासिक मराठीत निघे आणि पुढे त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. जबलपूरच्या मराठी घराला याचे महत्त्व किती, ते येथे राहिलेल्यालाच कळेल. ज्या अंकात नवऱ्याने मराठीत साबण वाचावा, त्याच अंकाची हिंदी प्रत शेजारच्या शुक्लांना देता यावी! त्या काळी नागपूर आपल्या प्रांताची राजधानी होती. गोंदियाहून नैनपूरमार्गे येणारी छोटी लाईन (आता ती मोठी झाली) जबलपुराला नागपूरच्या अंगणाशी बांधून ठेवी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण भोपाळच्या राज्यात राहिलो. उच्च न्यायालय जबलपुरास मिळाले याचा आनंद शहराने केला; मराठी घरांना मात्र नागपूर एका रात्रीत परराज्य झाले. पोस्टाचे दर काही बदलले नाहीत, अंतरही बदलले नाही. पण सरकारी नोकरीतील ज्यांना तेव्हा इकडचे की तिकडचे हे ठरवावे लागले, त्यांच्या घरातून सामानाची वाटणी झाली आणि वह्यांचीही झाली. आमच्या विणकामाच्या वहीची पहिली चाळीस पाने दुसऱ्या हस्ताक्षरात उतरवून घेतलेली आहेत, ती यामुळे. मूळ वही नागपूरला गेली, नक्कल इकडे राहिली. नक्कल करणाऱ्या बाईंनी शेवटी तारीख घातली आहे, पण नाव घातलेले नाही.

विणकाम हा आपल्या बाडाचा सर्वांत जाड भाग आहे, आणि त्याचे कारण हवामान. रत्नागिरीच्या किंवा अलिबागच्या मुलीला लोकरीची गरज ती काय? येथे मात्र डिसेंबरच्या पहाटे नळाला हात लावता येत नाही. आपल्या स्त्रिया स्वेटर शिकल्या त्या मासिकांतून जेवढ्या, तेवढ्याच कारखान्यांच्या वसाहतींत शेजारी राहणाऱ्या पंजाबी आणि गढवाली बायकांकडून. दुपारी उन्हात खाट टाकून बसावयाचे आणि हात चालू ठेवून बोलावयाचे. येथे भाषेची एक मौज झाली. आपण ज्याला ‘टाका’ म्हणतो त्याला हिंदीत ‘फंदा’ म्हणतात. नव्याने आलेल्या एका मराठी सुनेला शेजारीण म्हणाली, ‘पहले अस्सी फंदे डालो’. फंद हा शब्द आपल्याकडे कोणत्या अर्थाने वापरतात हे सर्वांना ठाऊक आहे. सून घाबरून घरी आली. पुढे तिनेच वहीच्या आतल्या पानावर दोन रकान्यांचा कोश केला: टाका म्हणजे फंदा, सुई म्हणजे सलाई, सुलट म्हणजे सीधा, जोड टाका म्हणजे जोड़ा. बावीस शब्दांचा हा कोश आमच्या दृष्टीने या बाडातील सर्वांत मौल्यवान पान होय.

ते पान शब्दांचे. पुढची अडचण मापांची. जुन्या नमुन्यांत लोकर औंसांत, लांबी इंचांत. १९६२ पर्यंत देशात दशमान वजनमापे सक्तीची झाली आणि दुकानात लोकर ग्रॅमवर मिळू लागली. ‘८ औंस’ याचे पाव किलोला थोडे कमी हे एकीने समासात लिहून ठेवले, तेव्हा प्रश्न मिटला. (बरोबर हिशेब दोनशे सत्तावीस ग्रॅम.) सुयांचे प्रकरण मात्र अधिक कठीण. आपल्याकडे चालणाऱ्या विलायती क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते: आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाडीची, दहा नंबरची सव्वातीनची. अमेरिकेत याच्या नेमके उलट. तेथे आकडा वाढला की सुई जाड, आणि तेथील आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. सत्तरीच्या दशकात आपली मुले परदेशी जाऊ लागली आणि तिकडून रंगीत नमुने येऊ लागले, तेव्हा हे कोणास माहीत नव्हते. आमच्याच घरात एका नातवासाठी अशा नमुन्यावरून कोट विणण्यात आला. नमुन्यात आठ नंबर लिहिले होते, घरात आठ नंबर होती. दोन महिने खपून कोट पुरा झाला आणि बाळाच्या डोक्यातून उतरेना. तो शेवटी शेजारच्या घरी नुकत्याच जन्मलेल्या मुलीला बसला. क्रोशाचेही तसेच. विलायतेत ज्याला दुहेरी म्हणतात त्याला अमेरिकेत एकेरी म्हणतात, म्हणजे एकच शब्द दोन देशांत दोन निरनिराळे टाके दाखवितो. आपला ‘मुका खांब’ मात्र मुका तो मुकाच. दादर असो, जबलपूर असो की न्यू जर्सी, त्याचा अर्थ फिरत नाही. आमच्या वहीतील एका आजींनी परदेशी नमुन्यांवर म्हणूनच इंग्रजी शब्द खोडून ‘साखळी’, ‘खांब’, ‘मुका खांब’ असे लिहिले आणि शेजारी प्रत्येक टाक्याचे लहानसे चित्र काढले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तोळा-छटाकाऐवजी वाटी आणि चमचा हाती दिला, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की ‘रुचिरा’ घरोघर गेली आणि हे पान कपाटात राहिले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. नमुने देण्याघेण्याचा हा व्यवहार नेहमीच उदार होता असे समजू नये. हातचे राखण्याची विद्या आपल्यातही होती. जाळीच्या पानाचा एक बारा ओळींचा नमुना आमच्या वहीत आहे. तो मंडळातील प्रत्येकीने करून पाहिला आणि प्रत्येकीचा बिघडला. जाळीत नियम असा, की सुईवर धागा घेऊन टाका वाढविला की कोठेतरी जोड घेऊन तो कमी झाला पाहिजे. या नमुन्यात दर बारा ओळींमागे चार टाके वाढत जात. स्वेटर खाली रुंद होत जाऊन घागऱ्यासारखा दिसे. कितीएक वर्षांनी, देणाऱ्या बाई निवृत्तीनंतर येथून जाण्यास निघाल्या तेव्हा, निरोपाच्या हळदीकुंकवात त्यांनी ती वही मागून घेतली, पेन्सिलीने नववी ओळ समासात लिहिली आणि काही न बोलता वही परत केली. ती ओळ नुसत्या जोडांची आहे. आज ती पेन्सिल पुसट झाली आहे. या समासातल्या ओळीचा उल्लेख आम्हांस पुढे पुन्हा करावा लागेल.

तिसरी वही पुरुषांची. कारखान्यात आरेखनकार म्हणून आयुष्य घालविलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर महाराजपुरास राहिले, आणि मंडळाने त्यांच्याकडे आकाशकंदिलाचे काम सोपविले. तोवर कंदील करण्याची पद्धत म्हणजे, ज्याला येतो त्याच्या शेजारी बसून पाहावयाचे. या गृहस्थांनी प्रथमच कंदिलाचे रीतसर आरेखन केले: समोरून, वरून, बाजूने. त्यांच्या पहिल्या कागदावरील तपशील आम्ही येथे देतो, कारण त्यात कंदिलाचे सारे गणित आहे. एकाच लांबीच्या अठ्ठेचाळीस कामट्या. चोवीस सांधे आणि प्रत्येक सांध्यात चार कामट्यांची टोके. कमरेला आठ चौकोन, त्यावर चार चौकोन आणि चार त्रिकोण आलटूनपालटून, खालीही तसेच, वरचा आणि तळाचा चौकोन उघडा. म्हणजे कागदाचे चौकोन सोळा, त्रिकोण आठ. खालच्या बाजूस टीप: ‘चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही. म्हणून सांगाडा हातात हलला तर घाबरू नये. खळ लावून कागद ताणून चिकटविला व वाळला म्हणजे चौकोन ताठ होतील. सांधा मात्र पक्का हवा. त्याची गाठ तक्ता ३ मध्ये पाहावी.’

हे तक्ते सायक्लोस्टाइलवर काढण्यात आले. ज्यांनी हे यंत्र चालविले आहे त्यांना आठवत असेल की मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षर उमटविणे सोपे, पण चित्र काढणे हे दिव्य. रेघ जोराने ओढली की स्टेन्सिल फाटे, हलकी ओढली की उमटेना. आणि चौकोनाचा मधला भाग गळून पडण्याचे भय वेगळेच. पहिल्या दिवाळीस या तक्त्यांच्या साठ प्रती काढल्या, त्यांतील निम्म्यांवर कंदिलाच्या कमरेशी शाईचा मोठा डाग होता. एका घरी तो डाग म्हणजे नक्षी समजून तेथे काळा कागद लावण्यात आला! भरतकामाचे नमुने उतरविणे त्या मानाने सुखाचे. ट्रेसिंग कागदावर आकृती काढून तिच्या रेषेवर टाचणीने बारीक भोके पाडावयाची, तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालविलेल्या निळीचा बोळा वरून फिरवावयाचा. रॉकेल उडून जाते, निळीचे ठिपके राहतात. एक कागद पन्नास घरांना पुरे. आमच्या बाडातील अशा कागदांना अजूनही, नाक जवळ नेले तर, रॉकेलचा वास येतो.

या साऱ्याला आपल्याच नर्मदेच्या काठी एक मोठे नाते आहे, ते आम्हांस फार उशिरा कळले. जबलपूरच्या खाली, इटारसीजवळचे होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) येथे १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांमधून विज्ञान शिकविण्याचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो चालविला. १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था त्यासाठी उभी राहिली आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. मुलांनी प्रयोग स्वतः करावयाचे, साहित्य आठवड्याच्या बाजारातले वापरावयाचे आणि पुस्तक ‘बाल वैज्ञानिक’ हे उत्तरे न देता चित्रांनी वाट दाखविणारे, असे त्याचे स्वरूप होते. १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे एक तरुण अभियंता तेथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांत काड्यापेटीच्या काड्या बसविल्या की सांधा तयार होतो, हे त्यांनी मुलांना दाखविले. बाभळीच्या काट्याने नळीला भोक पाडले की तिसरी काडी बसते. त्या काड्यांचा चौकोन केला तर तो डगमगे, त्रिकोण केला तर डगमगत नसे.

हे वाचताना आमची काय अवस्था झाली असेल याची वाचकांनी कल्पना करावी. आमच्या आरेखनकारांनी कंदिलाच्या कागदावर लिहिलेले वाक्य आणि अडीचशे किलोमीटरवर खेड्यातील मुलांनी काड्यांवरून काढलेला निष्कर्ष एकच होता. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. पण पुढची गोष्ट निराळी झाली. गुप्ता यांनी आपले कागद कपाटात ठेवले नाहीत. काड्यांच्या आकृत्यांचे त्यांचे पुस्तक १९८७ साली निघाले आणि अनेक भारतीय भाषांत गेले. त्यांच्या कित्येक पुस्तकांतील रेखाचित्रे अविनाश देशपांडे यांची आहेत. ती पाहिली की मजकूर न वाचताही कृती कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी काम केले, आणि खेळण्यांच्या सचित्र कृती व हजारो पुस्तके, त्यांत मराठी पुस्तकेही भरपूर, संगणकावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मूळचे ते बरेलीचे, आणि आज मराठी मुलांच्या हाती सचित्र कृती देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. आम्ही मराठी, आमची वही मराठी, आणि ती कुलुपात. कुलुपाची किल्ली कोणाकडे असावी यावर मंडळाच्या दोन वार्षिक सभा झाल्या आहेत, हेही येथे नमूद करतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्या गोष्टीकडे येतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने बाडातील सर्व पाने स्कॅन करून पुणे, बंगळूर, आखाती देश, अमेरिका येथे गेलेल्या आपल्या कुटुंबांना फोनवर पाठवावीत असे ठरले. काम उत्साहाने झाले. चित्रे स्वच्छ दिसावीत म्हणून पानांच्या कडा कापण्यात आल्या, डाग पुसण्यात आले, पिवळेपणा घालविण्यात आला. ही सूचना आमचीच होती; तरुणांनी फक्त ती अंमलात आणली. पाने पाठविल्यावर चार दिवसांत एका लेकीचा निरोप आला: जाळीच्या पानाचा नमुना घेतला आहे, पण टाके वाढत चालले आहेत, काय करू? तेव्हा आमच्या ध्यानात आले की समास गेले. नववी ओळ गेली होती. औंसांचा हिशेब गेला होता. हत्तीचे ‘पाय चार’ गेले होते. आतल्या पानावरील बावीस शब्दांचा कोश तर ‘हे चित्र नव्हे’ म्हणून मुळात घेतलाच नव्हता.

यावर मंडळात मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की नव्या पिढीतील निम्म्या मुलांना देवनागरी वाचता येते ती हिंदीपुरती, परदेशातील मुलांना तीही नाही. तेव्हा शब्द हवेत कशाला? चित्रे पुन्हा सुबक काढावीत, बाण घालावेत, आकडे घालावेत. जपानी कागदी घड्यांच्या आकृत्या जगभर बाण आणि तुटक रेघांवर समजतातच. हे म्हणणे खोटे नाही. ज्या चित्रावरून परभाषेतील मूल कंदील करू शकेल ते चित्र उत्तम, याबद्दल आमचा वाद नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पाने जशी आहेत तशी द्यावीत, डागांसकट. आमचे मत विचाराल तर आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत, पण पहिल्याचे काम व्हावे असेही आम्हांस वाटते. चित्र कृती सांगते; कोणाची कोठे चूक झाली आणि ती कोणी कशी निस्तरली, हे मात्र समास सांगतो. परक्या गावी आलेली एक सून फंद्याला घाबरून घरी पळते आणि नंतर त्याचाच कोश करते, हे कोणत्या बाणाने दाखवावे?

तूर्त पाने दुसऱ्यांदा, कडांसकट स्कॅन होत आहेत. दोन वह्या पुऱ्या झाल्या. तिसऱ्या वहीत अडचण आली आहे. कंदिलाचा तक्ता १ आहे, तक्ता २ आहे, तक्ता ४ च्या तीन प्रती आहेत, त्यांतील दोन डागाच्या. तक्ता ३, म्हणजे चार कामट्या एका दोऱ्याने बांधावयाच्या गाठीचा, बाडात नाही. आरेखनकार आज हयात नाहीत. गेली कित्येक वर्षे आपण सांधे चिकटपट्टीने किंवा तयार नळ्यांनी जोडत आलो, त्यामुळे ती गाठ हाताने मारता येणारे आमच्यात कोणी उरलेले दिसत नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी डोळे मिटून, दोऱ्याशिवाय, बोटांनी ती मारून दाखविली. दोरा हाती दिल्यावर त्यांना ती आठवेना. त्या दिवाळीत काढलेल्या साठ प्रती साठ घरांत गेल्या होत्या. ती घरे आता जबलपुरास थोडी आणि बाहेर फार आहेत. आपल्या घरी जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, पंचांगांच्या गठ्ठ्यात किंवा आजोबांच्या कागदांत कोठे सायक्लोस्टाइलचा, फिकट जांभळ्या शाईचा, वर उजव्या कोपऱ्यात ‘३’ असा आकडा असलेला कागद आढळला, तर त्याचे छायाचित्र मंडळाकडे पाठवावे ही विनंती. कडा कापू नयेत.